थांबेंचा शेवटचा शॉट

गोदामाचं दार ढकललं आणि आधी तुसाचा वास आला. त्या जागेत कित्येक वर्षांत भाताचा दाणा पडलेला नाही. शेडग्यांनी खालची खाचरं विकली, वरच्या अंगाला पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या. गोदामात आता प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत आहे आणि एक बंद पडलेला जनरेटर. तरी वास तोच. आंबेमोहोराचं तूस, ओलं गोणपाट आणि चुना. मी उंबऱ्याशीच उभी राहिले. तीन भिंतींचा गिलावा पडून आतले दगड दिसत होते. समोरची चौथी भिंत मात्र पांढरीशुभ्र होती, जणू कालच कोणी चुना देऊन गेलं असावं.

रेवा, ईशान, मी तिथे का गेले ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट लागेल.

तुमचा ग्रुपवर गेला महिनाभर जो वाद चालला आहे, जगातला सर्वांत मोठा दिग्दर्शक कोण, तो मी रोज सकाळी चहाबरोबर वाचते. ईशानला भराभर शॉट कापणारे आवडतात. रेवाला एकाच जागी कॅमेरा लावून बसणारे. तुम्ही एकमेकांना जे टोमणे मारता ते मी शब्द न बदलता पूर्वी ऐकलेले आहेत, काही तर मीच मारलेले आहेत. मग रेवाने विचारलं, "आजी, आजोबांनी शेवटचा कोणता सिनेमा सुचवला होता? त्यांच्या तिथीला, येत्या रविवारी, आपण सगळे मिळून बघू." मी नाव सांगितलं. रेवाने तो कुठून तरी मिळवला, आधी एकटीने बघितला, आणि मला लिहिलं, "आजी, तू लहानपणी आम्हाला सांगायचीस तो शेवटचा शॉट यात नाहीच आहे. उंबऱ्यातली बाई आहे, पण पाणी कुठेच नाही. तू दुसराच सिनेमा सांगते आहेस का?"

नाही. सिनेमा तोच. पण तुम्हाला आणि तुमच्या बाबांना मी इतकी वर्षं एक गोष्ट अर्धीच सांगत आले. आजोबा सिनेमा सांगता सांगता क्षणात गेले, असं मी म्हणते. ते क्षणात गेले की नाही, हे मला खरं म्हणजे माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायची भीती वाटत होती. रेवाचा निरोप वाचला आणि वाटलं, आता चौकशी केलीच पाहिजे. ते माहीत असेल असं एकच माणूस उरलं आहे. म्हणून गाडी करून बावधनहून निघाले, आणि पिरंगुट, पौड मागे टाकून तलावाच्या कडेने शेडग्यांकडे गेले.

आजोबा तेव्हा पिरंगुटच्या एका कारखान्यात होते. त्यांच्या हाताखाली शेडगे होते. त्यांनीच आपलं गोदाम दिलं. कापणी व्हायची ती दिवाळीच्या सुमाराला, तोवर जागा रिकामी असायची. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही सहा-सात जण पुण्याहून स्कूटरवर किंवा बसने यायचो. दुपारी जेवून निघायचं, दिवेलागणीच्या आत परत. एका फिल्म सोसायटीकडून प्रोजेक्टर आणि रिळांचे डबे मिळायचे. पण त्या भागात विजेचा भरवसा नव्हता. एकदा ऐन मध्यावर दिवे गेले, पडदा म्हणून वापरायचो ती चुन्याची भिंत काळी झाली, आणि मागून आजोबांचा आवाज आला, "वळू नका कोणी. मी हा बघितलेला आहे. पुढे सांगतो."

त्यांनी पुढचा तासभर सिनेमा सांगितला. कॅमेरा कुठे आहे, कोण कुठून आत येतं, टेबलावर काय आहे, उजेड कुठल्या खिडकीतून. आम्ही भिंतीकडे बघत होतो आणि शपथेवर सांगते, आम्हाला दिसत होतं. वीज आली तेव्हा उलट चिडचिड झाली.

तेव्हापासून ती रीतच पडली. ज्या महिन्यात रिळं मिळत नसत, त्या महिन्यात 'सांगीव' सिनेमा. नियम थोडे होते पण कडक होते. सगळे भिंतीकडे तोंड करून बसणार. सांगणारा मागे बसणार, जिथे प्रोजेक्टर असायचा तिथे. दार बंद. सांगणाऱ्याने 'समाप्त' म्हणेपर्यंत कोणी मागे वळायचं नाही. "थिएटरात तुम्ही प्रोजेक्टरकडे वळून बघता का?" आजोबा विचारत. कोणी खोकलं तरी बाकीचे रागावायचे.

पाठीमागून आवाज ऐकणं हे काही वेगळंच असतं, मुलांनो. समोरचा माणूस बोलतो तेव्हा तो बोलतो आहे हे दिसतं. मागचा आवाज थोड्या वेळाने कोणाचाच राहत नाही. नवऱ्याचा आवाज मी इतकी वर्षं ऐकत आलेली, पण तिथे अर्ध्या तासाने तो मला अनोळखी वाटू लागे. मधूनच मानेवर गार फुंकर आल्यासारखं होई. कौलांच्या फटींतून आलेले कवडसे भिंतीवर तिरपे सरकत, आणि कोणी तरी भिंतीच्या आतून जातं आहे असं वाटे.

दिग्दर्शकांची परदेशी नावं आमच्या तोंडात बसत नसत, म्हणून मधू काळ्यांनी त्यांची मराठी बारशी केली. मधू काळे म्हणजे आजोबांचे शाळेपासूनचे मित्र, बँकेत होते. ज्याच्या प्रत्येक सिनेमात पाऊस तो पावसकर. ज्याचे शॉट दोन सेकंदांच्या वर टिकत नसत तो धावडे. आणि ज्याचा कॅमेरा एकदा बसला की उठायचंच नाव घेत नसे, तो थांबे. आजोबा थांबेंचे भक्त. मी आणि मधूभावजी धावड्यांच्या पक्षात.

"थांबेंच्या बाईने उंबऱ्यात पाय ठेवला की मी चहा करून येतो, पोरांचे अभ्यास घेतो," मधूभावजी म्हणायचे. "परत येऊन बघतो तर बाई तिथंच."

"बाई तिथंच असते. तू बदललेला असतोस," आजोबा म्हणायचे.

"मी बदलत नाही रे, माझं जेवण पचतं."

हौसाबाई, शेडग्यांच्या पत्नी, चहा घेऊन यायच्या. त्यांना वाटायचं हे थांबे, धावडे, पावसकर म्हणजे आमच्यातलेच लोक, फक्त दर खेपेला काही ना काही कारणाने यायचे राहतात. एकदा कप एक जास्त आला. मी विचारलं तर म्हणाल्या, "त्ये थांबे आज तरी येतील म्हनून." आम्ही हसून हसून लोळलो. त्या हसल्या नाहीत. पुढेही कप एक जास्तच यायचा आणि तो कोणीच घ्यायचं नाही. परत नेताना त्या तो कप अंगणात रिता करत, जपून, जोत्याच्या कडेला.

आता त्या रविवारबद्दल.

आदल्या महिन्यात वाद जरा जास्तच रंगला होता. आजोबा एका चित्रपट महोत्सवात थांबेंचा नवा सिनेमा बघून आले होते आणि आठवडाभर दुसरं बोलतच नव्हते. त्यातली शांतता काय, त्यातलं मौन काय. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "अहो, तुम्ही मौनाची एवढी तारीफ करता, पण तुम्हाला दोन मिनिटं गप्प बसता येत नाही. सांगताना थांबेंचं सगळं थांबणं तुम्ही खाऊन टाकता. तुमचा थांबे शेवटी धावडेच होतो."

मंडळी खूप हसली. आजोबा हसले नाहीत असं नाही, पण कान लाल झाले. म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या खेपेला हाच सांगतो. एकही थांबणं गाळणार नाही. शेवटचा शॉट फार लांब आहे, तेव्हा मी एक शब्द बोलणार नाही. तुम्ही बघत राहायचं."

"पैज?" मधूभावजी म्हणाले.

"पैज कसली. तुझ्या वहिनीला कबूल करायला लावतो, बस."

तेव्हा भाद्रपद होता. तलाव काठोकाठ भरला होता, गोदामाच्या खालच्या बांधापर्यंत पाणी आलं होतं. ढग इतके खाली होते की कवडसा म्हणून एकही नव्हता. दार लावलं आणि मागच्या लहान खिडकीच्या उजेडात फक्त ती भिंत दिसत राहिली, अंधुक, दुधासारखी. गोणपाटाचा वास. कौलांवरून थेंब. आजोबांनी सांगायला सुरुवात केली आणि खरोखर, या वेळी ते थांबत थांबत सांगत होते. एक वाक्य, मग दोन-तीन मिनिटं काही नाही. पहिल्या दोन-तीन वेळा मला हसू येत होतं. मग येईनासं झालं. एका म्हाताऱ्या बाईचं घर, तिचा मुलगा गावाहून यायचा आहे, दिवसभर ती आवरते आहे. एवढीच गोष्ट. शेवटी ती उंबऱ्यात येऊन उभी राहते. आजोबा म्हणाले, "कॅमेरा आतून. तिची पाठ. बाहेर उजेड. आता बघा."

आणि गप्प झाले.

आम्ही बघत राहिलो.

किती वेळ ते कोणालाच सांगता आलं नाही. मधूभावजी नंतर म्हणाले पंधरा मिनिटं, आणखी कोणी म्हणालं अर्धा तास. भिंतीवर मला उंबरा दिसत होता, बाईची पाठ दिसत होती. मग पायऱ्या दिसल्या. पायऱ्यांवर पाणी आलं. जोरात नाही, कोणी हळूच सतरंजी पसरावी तसं. एक पायरी गेली, दुसरी गेली. बाई वाकली आणि तिने पायातल्या चपला काढून हातात घेतल्या. मागे सरली नाही. नुसती उभी राहिली. मला वाटलं, काय कमाल सांगून ठेवलं आहे ह्यांनी, एक शब्द न बोलता.

मध्ये केव्हातरी मागून खुर्ची करकरली. आणि श्वास ऐकू आला, एखादं वाक्य सुरू करायच्या आधी माणूस घेतो तसा. मला वाटलं, आता राहवत नाही ह्यांना, आता बोलणार. आणि मी हसले. भिंतीकडे तोंड करून, जिंकल्यासारखी हसले. हे मी इतकी वर्षं कोणाला सांगितलेलं नव्हतं.

ते बोलले नाहीत. पुढे बराच वेळ गेला. शेवटी शिस्त मोडून मधूभावजी वळले. "अरे, संपव आता," म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज बदलला.

पौडहून डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, "त्रास कधी सुरू झाला?" आम्ही सहा शिकलेली माणसं, एकाच खोलीत, आठ-दहा फुटांवर बसलेली, आणि कोणालाच उत्तर देता येईना. "अर्धा तास आधी जरी..." एवढं म्हणून डॉक्टर थांबले आणि बॅग आवरू लागले. ते अर्धं वाक्य माझ्यापाशी राहिलं ते राहिलंच.

तेराव्याला सगळे घरी आले होते. पंगत उठल्यावर मधूभावजी माझ्याजवळ आले आणि अगदी हळू म्हणाले, "वहिनी, ती चपला हातात घेते ना, तेवढ्यासाठी मी थांबेंना सगळं माफ केलं."

आजोबांनी चपलांबद्दल काही सांगितलं नव्हतं. पाण्याबद्दलही नाही. ते 'आता बघा' म्हणाले होते, इतकंच. मग मी एकेकाला विचारलं, काही न सुचवता, वर्गात मुलांना विचारावं तसं. कोणाला दोन पायऱ्या दिसल्या होत्या, कोणाला तीन. चपला सगळ्यांना दिसल्या होत्या.

मधूभावजींनी खुलासा शोधायचा प्रयत्न केला. तलावाचं पाणी हलतं, उजेड दाराच्या फटीतून येतो, भिंतीवर लाटा दिसतात. पण त्या दिवशी ऊन नव्हतं आणि फटीत आम्हीच गोणपाट कोंबलं होतं. मग त्यांनी खुलासे सोडले. आयुष्यभर ते भेटेल त्याला तो सिनेमा सुचवत राहिले. "शेवटचा शॉट चुकवू नका," म्हणायचे. किती लोकांना सांगितलं असेल कोण जाणे. गोदामात आम्ही पुन्हा गेलो नाही. कोणी ठरवलं नाही, बंद झालं. मधूभावजीही गेले, बाकीचेही एकेक करून. त्या भिंतीसमोर बसलेल्यांपैकी आता मी एकटी आहे.

आणि रेवा, तू मला दुसरं पाठवलंस ते वाचून मी रात्रभर दिवा मालवला नाही. सिनेमावेड्यांच्या कुठल्याशा चर्चेत कोणी परक्या देशातला माणूस लिहितो की याच्या जुन्या प्रतीत शेवट वेगळा होता, बाई पादत्राणं हातात घेऊन उभी असते आणि पाणी उंबऱ्यापर्यंत येतं. खाली दहा जणांनी त्याला वेड्यात काढलं आहे. तू विचारलंस, "आजी, हा कोण?" मला माहीत नाही, बाळा. मधूभावजींच्या बोलण्यातून ते तोंडोतोंडी तिथवर गेलं असेल, असं मी स्वतःला सांगते. दिवसा ते पटतं.

तर मी गोदामाच्या उंबऱ्यात उभी होते. मागून हौसाबाई आल्या. केस पूर्ण पांढरे, कमरेत वाकलेल्या, पण डोळे तसेच धीट.

"बाई, आत तरी या. हितं काय उभ्या ऱ्हायल्या?"

"भिंतीला चुना कोण देतं हो?"

"मीच. दर दसऱ्याला. ल्येक म्हंतो, आये, समदंच पाडू आन हाटेल काडू. म्या म्हटलं बाकीचं पाड. ह्ये भिताड न्हाई."

त्यांनी दोन खुर्च्या ओढल्या. नकळत दोन्ही भिंतीकडे तोंड करून ठेवल्या गेल्या. मी माझी फिरवून त्यांच्याकडे केली. मग त्यांनीही फिरवली. आम्ही समोरासमोर बसलो. बाहेर तलाव भरलेला होता, बांधाला पाणी लागत होतं तो आवाज येत होता.

मी सरळ विचारलं. "हौसाबाई, त्या दिवशी तुम्ही चहा घेऊन आला होतात. आम्ही वळलो तेव्हा तुम्ही मागच्या खिडकीशी उभ्या होतात. तुम्ही काय बघितलंत?"

त्यांनी पदराचं टोक चाचपलं.

"इतक्या वरसांनी इचारताय."

"आधी धीर नव्हता."

"माजाबी न्हवता." मग म्हणाल्या, "म्या खिडकीत आले तवा सायेब छातीवर हात धरून बसलं हुतं. घाम आल्याला. म्या ताट घ्यून दाराकडं वळाय लागले, तर त्यांनी खुर्ची फिरवून माज्याकडं बगितलं. आन आसं बोट केलं." त्यांनी तर्जनी ओठांवर ठेवली. "मंग हात आसा हालवला, काय न्हाई, पित्त हाय म्हनून. हसलं बी. तुमच्या पाठीकडं बोट दावलं. बगा कशा गप बसल्यात, आसं."

खुर्चीची ती करकर. मला ती ऐकू आली होती. तेव्हा ते जिवंत होते. आणि आम्ही दोघंही त्याच क्षणी हसत होतो, एकमेकांना पाठमोरे.

"मग?"

"मंग परत भिताडाकडं बगाय लागलं. लई वेळ. म्या बी उभी. च्यावर साय धरली. म्हटलं, ही शिकल्याली मानसं येवडं काय बगत्यात? म्हनून म्या बी बगितलं."

मला पुढचं विचारायचं नव्हतं. पण हौसाबाई थांबल्या नाहीत.

"पानी हुतं. पायऱ्या हुत्या. माजी आजी सांगायची तसल्या, खालच्या गावच्या, आता तळ्यात हायेत त्या. आन बाई हुती. चपला हातात घ्यून. तुमास्नी म्हाईतच हाय की."

"तुम्हाला दिसली?"

"समद्यास्नी दिसली न्हवं?" त्यांना माझ्या विचारण्याचंच नवल वाटलं. "मंग ती गेली. पान्यातनं सरळ चालत. तुमी बगितलं न्हाई व्हय, ती गेली त्ये?"

"नाही. आम्हाला ती उभीच दिसत होती."

"गेली. आन त्ये भिताड परत नुसतं भिताड झालं. तवा म्या सायबांकडं बगितलं." त्यांनी श्वास घेतला. "तवा त्ये न्हवतं."

बांधाला पाणी लागत राहिलं. मी भिंतीकडे बघायचं नाही असं ठरवून त्यांच्या हातांकडे बघत होते. जुने, चुन्याने भेगाळलेले हात.

"म्या आत आले आसते तर," हौसाबाई म्हणाल्या. "बोट केलं म्हनून काय झालं. मी काय त्यांची बाईल हुते त्यांचं ऐकायला."

"मी वळले असते तर," मी म्हटलं. मग तेही सांगितलं, मी हसले ते. त्यांना पहिल्यांदा सांगितलं, आता तुम्हाला सांगते आहे.

त्या म्हणाल्या, "तुमी हसलाच हुता की. रडला तर न्हवता."

मला परतताना गाडीत आजोबांचा राग आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. छातीत कळ येते आहे, खिडकीत माणूस उभं आहे, पाच हातांवर बायको बसली आहे, आणि हा गृहस्थ ओठांवर बोट ठेवतो. का, तर बायकोचा टोमणा खोटा पाडायचा आहे. पिरंगुटच्या बाजारात गाडी अडली, बाजूच्या बसमधले लोक बघत होते, आणि मी एकटीच मोठ्याने म्हणत होते, "अहो, पटलं. मला पटलं होतं. पहिल्या पाच मिनिटांतच पटलं होतं." ड्रायव्हरने आरशातून बघितलं आणि रेडिओ बंद केला.

आता उत्तरं देते, क्रमाने.

रेवा, तुला मिळालेला सिनेमा बरोबर आहे. त्यात पाणी नाही हेही बरोबर. ते कुठून आलं, मला ठाऊक नाही. हौसाबाईंना ठाऊक असेल, पण त्यांना त्यात विचारण्यासारखं काही वाटत नाही. आजोबा क्षणात गेले नाहीत. त्यांना वेळ होता, तो त्यांनी आपल्या मर्जीने घालवला, आणि मला कळायला हवं होतं, ते कळलं नाही. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. तुमच्या बाबांना मी स्वतः फोन करून सांगणार आहे, त्यांना तुम्ही आधी कळवू नका.

ईशान, तुला तो सिनेमा कंटाळवाणा वाटेल. मलाही थांबे आजतागायत कंटाळवाणे वाटतात. तसं खुशाल म्हण.

रविवारचं ठरल्याप्रमाणे करू. तुमच्याकडे सकाळ असेल, माझ्याकडे संध्याकाळ. सिनेमा रेवा लावेल. माझ्या दोनच अटी आहेत. सगळ्यांनी आपापला कॅमेरा चालू ठेवायचा आणि समोर दिवा लावून बसायचं, चेहरा स्वच्छ दिसला पाहिजे. शेवटच्या शॉटला तर नक्कीच. मी सिनेमा बघणार नाही, माझा बघून झाला आहे. मी तुम्हा दोघांकडे बघत बसणार आहे.

आणि मध्ये उठायचं असेल, तर सांगून उठा.